वाटेच्या कडेला : वयात येण्याच्या चित्रपटांतील प्रवास, मैत्री आणि ओढ

प्रस्तावना

माणूस वयात येतो म्हणजे नेमके काय घडते, या प्रश्नाला शरीरशास्त्राचे एक उत्तर आहे आणि कायद्याचे दुसरे. शरीरशास्त्र ग्रंथींतील बदल दाखविते. कायदा अठरा वर्षांची मर्यादा घालून देतो. कथा, कादंबरी आणि चित्रपट यांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका प्रवासाच्या रूपाने दिले आहे. घर सोडून निघालेला तरुण, सोबतीला एखादा मित्र, मनात कुणाविषयी तरी ओढ आणि परतताना पूर्वीचा न राहिलेला तो स्वतः, हा या कथांचा परिचित आराखडा आहे.

या आराखड्याचे अलीकडच्या काळातील एक गाजलेले उदाहरण म्हणजे आल्फोन्सो क्वारोन या दिग्दर्शकाचा २००१ मधील मेक्सिकन चित्रपट 'इ तु मामा ताम्बिएन'. त्याची चर्चा प्रामुख्याने त्यातील धीट प्रणयदृश्यांच्या अंगाने झाली. त्याचे खरे सामर्थ्य मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. प्रवासातील तरुणांना जे दिसत नाही ते हा चित्रपट प्रेक्षकाला दाखवितो.

प्रस्तुत लेखात या चित्रपटाच्या आधारे 'शाळा', 'विहीर', 'फॅन्ड्री' आणि 'सैराट' या मराठी चित्रपटांतील प्रवासाचे स्वरूप तपासले आहे. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी रोज खेड्यातून एस.टी.ने शहरात येतात. घराबाहेरचे पहिले जग त्यांना याच वाटेवर भेटते. त्यामुळे या चित्रपटांतील प्रश्न वऱ्हाडातील वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकापुढेही उभा आहे. तो प्रश्न असा : तरुणाला त्याच्या वाटेच्या कडेचे जग कोण दाखविणार?

दोन मित्र, एक मोटार आणि निवेदक

'इ तु मामा ताम्बिएन' या शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'आणि तुझी आईसुद्धा' असा आहे. तेनोच आणि हुलिओ हे मेक्सिको सिटीतील दोन मित्र. तेनोचचे वडील सत्ताधारी वर्तुळातील बडे प्रस्थ, तर हुलिओ कनिष्ठ मध्यमवर्गातील. दोघांच्याही मैत्रिणी सुटीसाठी इटलीला गेलेल्या असतात. एका लग्नसमारंभात त्यांची गाठ तेनोचच्या चुलतभावाची पत्नी लुइसा हिच्याशी पडते. तिच्यावर छाप पाडण्यासाठी ते 'बोका देल सिएलो', म्हणजे 'स्वर्गमुख', नावाचा एक समुद्रकिनारा कल्पनेतूनच निर्माण करतात आणि तिला तेथे नेण्याची बढाई मारतात. काही दिवसांनी लुइसा खरोखरच येण्यास तयार होते. हुलिओच्या बहिणीची मोटार घेऊन तिघेही निघतात.

वाटेत ओढ आहे, चढाओढ आहे आणि भांडणेही आहेत. आपण एकमेकांच्या प्रेयसीशी प्रतारणा केल्याची कबुली दोघांना द्यावी लागते, तेव्हा ज्या मैत्रीचा त्यांना अभिमान असतो तिच्यातील फसवणूक आणि वर्गभेद दोन्ही उघडे पडतात. अखेरच्या रात्री तिघांमधील सर्व अंतर मिटते आणि दोन्ही मित्र एकमेकांच्या जवळ येतात. दुसऱ्या सकाळी त्या जवळिकीविषयी एक शब्दही न बोलता ते परत फिरतात. लुइसाला कर्करोग होता आणि महिनाभरातच ती गेली, हे हुलिओला पुढे एका उपाहारगृहातील भेटीत तेनोचकडून कळते. निवेदक सांगतो की ती त्यांची अखेरची भेट होती.

कथानक एवढेच. मात्र या कथानकाला छेद देणारा एक निवेदक चित्रपटात आहे. तो बोलू लागतो तेव्हा मोटारीतील गप्पा आणि बाहेरचे आवाज एकाएकी थांबतात. शहरातील वाहतूक खोळंबते तेव्हा मुलांना ती निदर्शनांमुळे खोळंबली असावी असे वाटते. निवेदक सांगतो की स्थलांतर करून आलेला एक गवंडी रस्ता ओलांडताना बसखाली सापडला आहे, कारण पादचारी पूल फार दूर होता. मोटार तेपेल्मेमे नावाच्या गावाच्या पाटीजवळून जाते. तेनोचला लहानपणापासून सांभाळणारी दाई याच गावची. ती तेराव्या वर्षी कामासाठी शहरात आली, आणि चार वर्षांचा होईपर्यंत तेनोच तिलाच आई म्हणत असे. पाटी पाहून तेनोचला ते आठवते. पण तो सोबत्यांना काही सांगत नाही. पुढे किनाऱ्यावर या तिघांचे आतिथ्य करणारा चुय नावाचा कोळी भेटतो. दोन वर्षांनी तेथे हॉटेल उभे राहील, चुय त्यात झाडलोट करील आणि पुन्हा कधी मासेमारी करणार नाही, हे भविष्यही निवेदकच सांगतो.

निवेदकाची ही योजना केवळ तंत्राचा भाग नाही. मुले खिडकीतून बाहेर पाहतात, परंतु त्यांना फक्त किनारा हवा असतो. वाटेवरच्या पोलिसांच्या तपासण्या, गरिबांची घरे, मृत्यूची चिन्हे ही सर्व त्यांच्या दृष्टीने केवळ मागे पडणारी दृश्ये आहेत. एकाहत्तर वर्षे सत्तेत असलेला पक्ष २००० मध्ये मेक्सिकोत पराभूत झाला. चित्रपटाची कथा त्या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर घडते. देशही जणू वयात येत आहे आणि देशातील सुखवस्तू तरुण मात्र आपल्याच ओढीत मग्न आहेत, असा हा विरोध आहे. चित्रपटाला २००१ च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, तो या दुपदरी रचनेचा उचित गौरव म्हणावा लागेल.

वऱ्हाडातील वाटेची जुनी कल्पना

ओढीच्या दिशेने निघालेला प्रवास ही कल्पना वऱ्हाडाच्या सांस्कृतिक परंपरेला तशी नवी आहे. येथील जुन्या कथांत घर सोडणारा माणूस बहुधा ओढीपासून दूर जाण्यासाठी निघतो. महानुभाव परंपरेनुसार राजकुलातील हरपाळदेव रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडले आणि सोबतचा परिवार मागे ठेवून अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे आले. श्रीगोविंदप्रभूंच्या भेटीनंतर ते चक्रधर झाले. त्यांच्या भ्रमणाच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केल्या. तो 'लीळाचरित्र' हा ग्रंथ मराठी गद्याचा आरंभ मानला जातो. म्हणजेच मराठी गद्याच्या मुळाशीच एका चालणाऱ्या माणसाची कथा आहे.

दुसरे उदाहरण अधिक जवळच्या काळातील आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी वाढलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर १९०५ मध्ये घर सोडून निघाले. पुढे ते गाडगेबाबा म्हणून ओळखले गेले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तेही प्रवासात, अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीच्या परिसरात. अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

परतवाडा येथे १९१६ मध्ये जन्मलेले गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी शिक्षण सोडून स्वातंत्र्यचळवळीकडे वळले आणि नंतर वर्षानुवर्षे भटकले. 'स्मरणगाथा' या आत्मकथनाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी नर्मदा परिक्रमेच्या वाटेवर घडते आणि माणसांत गुंतणे व पुढे निघणे यांच्यातील ताणावर उभी राहते.

या परंपरेतील वाट विरक्तीकडे जाते, हे खरे. पण तिचे दुसरे एक वैशिष्ट्य आहे. गाडगेबाबांच्या हातात खराटा होता. ज्या गावात ते जात त्या गावाचा रस्ता आधी झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारीत. रस्त्याच्या कडेला काय पडले आहे हे पाहणारी अशी दृष्टी या परंपरेने दिली आहे. क्वारोनचा निवेदक आणि गाडगेबाबा यांच्यात काळाचे आणि संस्कृतीचे मोठे अंतर आहे. तथापि पुढे जाणाऱ्याचे लक्ष वाटेच्या कडेकडे वळविणे हे कार्य दोघांनाही समान आहे. मराठी चित्रपटांचे वाचन करताना हा धागा उपयोगी पडतो.

शाळेपर्यंतची वाट : 'शाळा' आणि 'विहीर'

मराठीतील वयात येण्याच्या चित्रपटांत मोटार क्वचितच आढळते. येथील प्रवास आखूड असतो. घरापासून शाळेपर्यंत, वाड्यापासून विहिरीपर्यंत, वस्तीपासून गावापर्यंत एवढीच त्याची लांबी. मिलिंद बोकील यांच्या २००४ मधील कादंबरीवर आधारित 'शाळा' हा सुजय डहाके यांचा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा सन्मान मिळाला. आणीबाणीच्या काळातील नववीचा विद्यार्थी मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि त्याला आवडणारी शिरोडकर यांची ही कथा आहे. शिरोडकर ज्या रस्त्याने घरी जाते त्या रस्त्याने काही अंतर ठेवून चालणे हाच मुकुंदाचा प्रवास. मित्रांचा अड्डा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत भरतो. बाहेर देशावर बंधने आली आहेत आणि मुलांना त्याचा अर्थ पुरता उमगत नाही. येथेही ओढ आणि राजकीय काळ शेजारी शेजारी चालतात. मुकुंदाशी मोकळेपणाने बोलणारा नरूमामा हा या चित्रपटातील एकमेव प्रौढ मित्र आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

उमेश कुलकर्णी दिग्दर्शित 'विहीर' २०१० मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी बर्लिन महोत्सवातही तो दाखविण्यात आला. समीर आणि नचिकेत हे नात्याने भाऊ असलेले दोन जिवलग मित्र. नचिकेतला सर्व बंधने सोडून निघून जावेसे वाटते. विहिरीत बुडून त्याचा मृत्यू होतो आणि समीर त्याच्या शोधात घराबाहेर पडतो. मेलेल्या मित्राला शोधणे ही अशक्य कृती आहे. पण तिच्याशिवाय समीरला मोठे होता येत नाही. वाटेत भेटणारा मेंढपाळ त्याला उत्तर देत नाही, फक्त सोबत देतो. वऱ्हाडातील जुन्या कथांत आढळणारी विरक्तीची वाट या चित्रपटात पुन्हा उगवते, मात्र ती आता मैत्रीच्या दुःखातून जाते.

सायकल आणि दगड : 'फॅन्ड्री'

नागराज मंजुळे यांचा 'फॅन्ड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे प्रेमाचा दिवस म्हणून साजऱ्या होणाऱ्या तारखेला, प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातील जब्या, त्याचा मित्र पिऱ्या आणि वर्गातील शालू यांच्याभोवती कथा फिरते. जब्याला शालू आवडते आणि नवे कपडे हवे असतात. चंक्याची सायकल उसनी घेऊन तो गारेगार विकायला निघतो. ही त्याची पहिली स्वतंत्र सफर. ती सायकल ट्रकखाली चिरडली जाते आणि सफर तेथेच संपते. मेक्सिकोतील मुलांना बहिणीची मोटार मिळते. जब्याला उसनी सायकलही पुरत नाही. ओढ दोघांकडेही सारखीच आहे, पण तिच्यामागे धावण्याची साधने सारखी नाहीत.

चित्रपटाच्या अखेरीस जब्याच्या कुटुंबाला गावातले डुक्कर पकडावे लागते, आणि तेही शाळेच्या समोर. डुक्कर हाताशी आलेले असते तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते. नंतर डुक्कर काठीला बांधून नेताना ते शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज यांच्याबरोबर गाडगेबाबांचेही चित्र आहे. येथे चित्रपटात निवेदक नाही. भिंतच निवेदकाचे काम करते. ज्यांच्या प्रतिमा शाळेने रंगविल्या त्यांचा विचार शाळेच्या समोरच्या रस्त्यावर पोचलेला नाही, हे एका दृश्यात स्पष्ट होते. जब्याने फेकलेला शेवटचा दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. प्रवासाच्या कडेला उभे असलेले जग या ठिकाणी प्रथमच पाहणाऱ्याकडे वळून पाहते.

बुलेट, रेल्वे आणि पावलांचे ठसे : 'सैराट'

मंजुळे यांचाच 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. मैत्री, ओढ आणि प्रवास हे तिन्ही घटक येथे पूर्ण विस्ताराने येतात. करमाळ्याच्या परिसरातील परश्या हा मासेमाराचा मुलगा, तर अर्ची सत्ताधारी पाटील घराण्यातील मुलगी. लंगड्या आणि सल्या हे परश्याचे मित्र. चित्रपटाच्या पूर्वार्धात वाहन चालविणारी व्यक्ती अर्ची आहे : ती बुलेट चालविते, ट्रॅक्टर चालविते. मुलीच्या हाती वाहन देऊन दिग्दर्शकाने प्रवासकथेची जुनी घडी मोडली. त्याचबरोबर या स्वातंत्र्याचे मूळही दाखविले : ती बुलेट पाटलांच्या घरची आहे. ज्या घराने तिला गती दिली तेच घर तिच्या ओढीच्या आड येते.

उत्तरार्धात दोघे पळून हैदराबादला जातात. आता बुलेट नाही. पायी चालणे, रेल्वे आणि झोपडपट्टीतील एक खोली आहे. कथेचा सूर बदलतो, गाणी थांबतात. पूर्वार्धातील नायक-नायिका उत्तरार्धात त्या माणसांपैकी होतात ज्यांच्याजवळून इतरांच्या मोटारी निघून जातात. 'इ तु मामा ताम्बिएन'मधील मुले कडेच्या जगाजवळून जातात. परश्या आणि अर्ची त्या जगातच राहायला येतात. दोन्ही चित्रपटांतील महत्त्वाचा फरक हाच आहे. रागाच्या भरात अर्ची एकदा परतीच्या गाडीत बसते आणि पुन्हा माघारी येते. परत जाण्याची मुभा असूनही न जाण्याचा तिचा निर्णय हा तिच्या प्रौढत्वाचा क्षण म्हणावा लागेल.

शेवट सर्वांना ज्ञात आहे. माहेरची माणसे भेटीच्या निमित्ताने घरी येतात. हत्या पडद्यावर घडताना दिसत नाही. बाहेरून परतलेले लहान मूल रक्ताने माखलेली पावले उमटवीत निघून जाते आणि पडद्यावर आवाज उरत नाही. क्वारोनचा चित्रपट शांततेत निवेदकाला बोलू देतो. 'सैराट'च्या शांततेत कोणीच बोलत नाही. तेथे बोलण्याचे उत्तरदायित्व प्रेक्षकाकडे येते.

मित्राची भूमिका

या कथांमध्ये मित्र केवळ सोबती नसतो. तो निरोप्या असतो, साक्षीदार असतो आणि पुष्कळदा किंमत मोजणाराही असतो. पिऱ्या जब्याच्या सर्व स्वप्नांत सामील आहे. लंगड्या आणि सल्या परश्याच्या प्रेमासाठी मार खातात. मराठी चित्रपटांतील मैत्री ही बहुधा दुर्बलांची परस्परांना दिलेली हमी आहे. तेनोच आणि हुलिओ यांची मैत्री याउलट सुखाच्या वाटणीवर उभी आहे. म्हणूनच ती पहिल्याच सत्याने मोडते.

मैत्री आणि ओढ यांच्यातील सीमारेषा हा प्रश्न मराठी चित्रपटाने दीर्घकाळ टाळला. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाने तो शांतपणे हाताळला. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या यांच्यातील जिव्हाळ्याची ही कथा आहे. २०२५ मध्ये सन्डान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार तिला मिळाला. नायक वयाने प्रौढ असल्यामुळे हा चित्रपट काटेकोर अर्थाने वयात येण्याचा नव्हे. तथापि मेक्सिकोतील दोन मित्र ज्या जवळिकीविषयी आयुष्यभर बोलू शकत नाहीत, तिला येथे शब्द मिळतात, आणि आनंदची आई मुलाला समजून घेते. मौन हा या नात्यांचा अटळ शेवट नाही, हे त्यावरून दिसते.

अमरावती-अकोला मार्ग आणि वर्ग

जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनेस विक्रमांत झाली. सातशेहून अधिक कामगार त्यासाठी रात्रंदिवस राबले. जूनच्या आरंभीच्या वऱ्हाडी उन्हात तापलेल्या डांबराजवळ उभे राहणे म्हणजे काय, हे या भागातील माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही. विक्रमात लांबी आणि वेळ यांची नोंद होते. त्या रस्त्यावरून आज जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे राबलेली माणसे दिसतात का, हा क्वारोनच्या निवेदकाचाच प्रश्न आहे.

या मार्गावरून आणि त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांवरून विद्यार्थी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशा थांब्यांवर चढउतार करीत महाविद्यालयात येतात. एस.टी.च्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. मुलींच्या शिक्षणाला या योजनेने दिलेला आधार फार मोलाचा आहे. तरीही पासावर दोनच ठिकाणांची नावे असतात : गाव आणि शाळा किंवा महाविद्यालय. त्या दोन नावांमधील वाट मुलीसाठी मंजूर झालेली आहे. तिच्या बाहेरची प्रत्येक वाट घराला उत्तर मागते. मुलाला मित्राच्या दुचाकीवर मागे बसून चिखलदऱ्याला जाता येते आणि परतल्यावर फार तर बोलणी खावी लागतात. मुलीच्या बाबतीत तीच सफर घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होते. 'सैराट'मधील अर्चीची बुलेट प्रेक्षकांना का भावली आणि तिचा शेवट इतका का झोंबला, याचे उत्तर या रोजच्या अनुभवात आहे.

येथे प्राध्यापकाचा संबंध येतो. 'सैराट'मध्ये महाविद्यालयाच्या वर्गातील एक प्रसंग आहे. तास चालू असताना मोबाइलवर बोलणाऱ्या प्रिन्सला, म्हणजे अर्चीच्या भावाला, प्राध्यापक हटकतात आणि तो त्यांच्या कानशिलात लगावतो. अर्चीच्या घरी येणारा शेवट या प्रसंगातच दडलेला आहे. ज्या वर्गात शिक्षकावर उठलेला हात सहज पचतो, तेथे बहिणीवर उठणाऱ्या हाताला अडविणारे कोणी उरत नाही.

रवी जाधव यांच्या 'बालक-पालक' (२०१३) या चित्रपटात चाळीतील मुलांना पडलेल्या प्रश्नांना आईवडील उत्तर देत नाहीत, म्हणून ती उत्तरे विशू या वाया गेलेल्या समजल्या जाणाऱ्या मुलाकडून मिळविली जातात. 'शाळा'मध्ये नरूमामा आहे म्हणून मुकुंदाला तसे करावे लागत नाही. उल्लेखिलेल्या सर्व चित्रपटांतील प्रौढांची विभागणी करावयाची झाल्यास ती बोलणारे आणि न बोलणारे अशीच करावी लागेल. न बोलणारे संख्येने अधिक आहेत. ते दुष्टही नाहीत. बहुतेक केवळ संकोचलेले आहेत. परंतु त्यांच्या संकोचाची किंमत मुले मोजतात.

वर्गात या विषयाला हात घालताना काही विवेक पाळणे आवश्यक आहे. 'इ तु मामा ताम्बिएन' हा प्रौढांसाठीचा चित्रपट आहे. त्याचा उपयोग प्राध्यापकांच्या अभ्यासमंडळात किंवा पदव्युत्तर स्तरावरील चर्चेत करणे योग्य ठरेल. 'शाळा', 'विहीर' आणि 'फॅन्ड्री' पदवी स्तरावर मराठी, समाजशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्रितपणे दाखविता येतात. त्यानंतर विद्यार्थ्यांना रसग्रहणाऐवजी एक साधे टिपण लिहावयास सांगता येईल : घरापासून महाविद्यालयापर्यंतच्या आपल्या रोजच्या वाटेवर दिसणारी, पण आजवर ज्यांच्याविषयी विचार केला नाही, अशी तीन माणसे. अशा टिपणात कोणालाही स्वतःच्या खासगी भावना उघड कराव्या लागत नाहीत. तरीही वयात येण्याच्या प्रश्नाचा गाभा त्यात येतो.

निष्कर्ष

१. वयात येण्याच्या प्रवासपटांत ओढ ही प्रवासाचे कारण असते, त्याचे फलित नव्हे. वाटेच्या कडेचे जग दिसू लागणे हे खरे फलित होय.

२. मेक्सिकोतील चित्रपटात हे जग निवेदक दाखवितो, कारण प्रवासी सुखवस्तू आहेत. मराठी चित्रपटांत प्रवासी बहुधा त्या कडेच्या जगातूनच आलेले असल्याने भिंतीवरील चित्रे, फेकलेला दगड आणि पावलांचे ठसे निवेदकाचे काम करतात.

३. प्रवासाची लांबी आणि साधन जात, वर्ग आणि लिंगभाव यांवरून ठरते. मोटार, बुलेट, उसनी सायकल आणि एस.टी.चा पास यांतील फरक हा केवळ वाहनांचा फरक नाही.

४. वऱ्हाडातील वाटेची परंपरा विरक्तीची असली तरी गाडगेबाबांच्या रूपाने तिने कडेकडे पाहण्याची दृष्टी दिली आहे. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील वर्गांत ती दृष्टी जोपासणे सयुक्तिक आहे.

५. प्रौढांचे मौन हा या सर्व कथांतील समान धोका आहे. प्राध्यापक हा विद्यार्थ्याच्या वाटेवर रोज भेटणारा प्रौढ आहे. त्याने नरूमामाच्या बाजूला उभे राहावयाचे की न बोलणाऱ्यांच्या, हे त्यालाच ठरवावे लागेल.

समारोप

तेपेल्मेमेची पाटी दिसली तेव्हा तेनोचला आपली दाई आठवली आणि तो गप्प राहिला. त्या वेळी मोटारीत त्याला विचारणारे कोणी असते, तर कदाचित तो बोलला असता आणि प्रवासाचा शेवट वेगळा झाला असता. अकोल्याहून किंवा अमरावतीहून संध्याकाळी गावाकडे परतणाऱ्या एस.टी.च्या खिडकीशी बसलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोरूनही अशा अनेक पाट्या जातात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला त्याविषयी विचारणारे कोणी असणे, ही महाविद्यालयीन शिक्षणाकडून करावयाची किमान अपेक्षा होय.